टेपवरच्या फाइलचं 'प्रिंट काढणं' : छापणे, उतारा की लिस्टिंग?

कर्वेरोडकर : एका कॉलेजात जुन्या संगणकांचं छोटं प्रदर्शन भरतंय, त्याचे मराठी फलक माझ्याकडे आलेत. काचेच्या पेटीत अर्धा इंच रुंद टेपचं २४०० फुटी रीळ आहे, शेजारी लाइन प्रिंटरचा, दोन्ही कडांना भोकं असलेला सलग कागद. टेपमधल्या फाइलींतला मजकूर मेनफ्रेमवरून, म्हणजे त्या काळच्या मोठ्या संगणकावरून, कागदावर कसा काढत, ते फलकावर सांगायचंय. 'फितीवरील धारिका (म्हणजे फाइल) छापणे' असं शीर्षक समितीपुढे ठेवलं, तर एका प्राध्यापिकाबाईंनी विचारलं, "फितीवर छापायचे? कोणत्या शाईने?" आता 'उतारा' डोक्यात आहे. सातबाऱ्याचा उतारा काढला तरी दप्तर तलाठ्याकडेच राहतं, मजकूर तेवढा आपल्या हाती येतो. टेपचंही तसंच. चालेल का?

रात्रपाळी : 'उतारा' अजिबात नको. मी ऑपरेटर होतो. मशीन रूममध्ये टेप चढवायची आणि उतरवायची. 'टेप उतरव' म्हणजे ड्राइव्हवरून रीळ काढून रॅकला लाव. आम्ही 'लिस्टिंग काढ' म्हणायचो, आणि काही बिघडलं की 'डंप काढ'. लिस्टिंग म्हणजे मजकूर अक्षरं म्हणून छापलेला, डंप म्हणजे टेपवरचे कच्चे बाइट आकड्यांत छापलेले. हा फरक फलकावर यायलाच हवा. आयबीएमच्या मशीनवर कोबोल या प्रोग्रामिंगच्या भाषेत आकडा पॅक करून ठेवला की एका बाइटात दोन अंक बसतात आणि शेवटच्या अर्ध्या बाइटात अधिक-उणेची खूण. म्हणजे पगार १२३४५ असेल, तर टेपवर तीन बाइट : १२, ३४, ५सी (सी ही अधिकची खूण). हे अक्षरं म्हणून छापलं तर पहिल्या दोन बाइटांना छापण्याजोगं चिन्हच नाही, तिथे ठिपके पडतात. ५सी हा बाइट अक्षर म्हणून छापला की तारा. कागदावर येतं '..*'. याला उतारा कसं म्हणणार? उतारा वाचता आला पाहिजे. तोच रेकॉर्ड, म्हणजे फाइलीतली ती नोंद, हेक्समध्ये (सोळांच्या मोजणीत, दर अर्ध्या बाइटाला एक अंक किंवा अक्षर) काढला की पगार दिसतो.

हडपसर : काका, हे आयबीएमचं झालं. आयसीएल या ब्रिटिश कंपनीच्या १९०० मालिकेत २४ बिटांचा शब्द, त्यात सहा-सहा बिटांची चार अक्षरं. तिथे डंप ऑक्टलमध्ये, म्हणजे आठांच्या मोजणीत, वाचायचा. त्या मालिकेची यंत्रं आपल्या पुण्यात बनली आहेत. पुण्यातल्या फलकावर एकट्या आयबीएमची भाषा नको.

नारायणपेठी : टेप, प्रिंट, लिस्टिंग, डंप. एवढं सगळं उसनं घ्यायचं तर फलक मराठीत कशाला? शब्द वापरत नाही म्हणून परके वाटतात. 'संगणक' आज पहिलीतलं पोर म्हणतं. 'मुद्रण' जड वाटत असेल तर 'छापील प्रत' घ्या, 'धारिका' ठेवा. आणि 'फीत' तर सोडूच नका, अस्सल आपला शब्द आहे.

शब्दवेडी : फीत पोर्तुगीज आहे, 'फिता'वरून आलेली. पगारही पोर्तुगीज. कागद फारसीतून आला. 'पगाराच्या फितीचा कागदावरचा उतारा' म्हणा, त्यात घरचा शब्द उतारा तेवढाच. माझं मत उताऱ्याला.

सिंहगडरोड : मग फितवणे, फितूर हेही फीतीवरूनच असणार. गुंडाळून आपल्याकडे ओढणे!

शब्दवेडी : नाही हो. फितूर अरबी मुळाचा आहे. नुसत्या ध्वनिसाम्यावर जाऊ नका.

सोलापूरची : 'उतारा' म्हटलं की मला तिठ्यावरचा भात आणि लिंबू दिसतो. आजी हात धरून बाजूने न्यायची, "ओलांडू नको गं." विषावरचाही उताराच. प्रदर्शनात लहान मुलं येणार ना?

नारायणपेठी : एका शब्दाला चार अर्थ असणं हा दोष नव्हे. 'कर' म्हणजे हातही आणि सरकारला भरतो तोही. संदर्भाने कळतं.

रात्रपाळी : शब्द कोणताही घ्या, पण नुसतं 'छापणे' लिहून भागणार नाही. प्रिंटरला जाणाऱ्या ओळीचं पहिलं अक्षर छापलंच जात नाही, तो कागदाला हुकूम असतो. १ आला तर नवं पान, ० आला तर मध्ये एक ओळ कोरी. साध्या डेटा फाइलला ही रीत लागू झाली आणि तिचे रेकॉर्ड १ ने सुरू होत असले, की रेकॉर्डामागे एक पान. ६६ ओळींच्या पानावर एकच ओळ, आणि तिचाही पहिला अंक गायब! रात्री तीन वाजता तो कागद सरसर बाहेर येताना ज्याने पाहिलाय, तो याला 'मुद्रण' म्हणणार नाही.

कर्वेरोडकर : काका, हे फलकावर घेतोच. फलक शुक्रवारी जायचेत. तूर्त 'टेपमधला मजकूर कागदावर' असं शीर्षक ठेवतो, खाली लिस्टिंग आणि डंप समजावून. कुणाची हरकत?

हडपसर : हरकत नाही, शंका आहे. काका 'टेप चढवली' म्हणतात. आमच्या घरी कायम 'टेप लावला'.

नारायणपेठी : तो टेपरेकॉर्डर, म्हणून लावला. रिळावरची ती टेप.

सिंहगडरोड : लक्ष्मी रोडवर शिंप्यांच्या तोंडी मापाची टेप दोन्ही लिंगांत ऐकलीय.

शब्दवेडी : फीत स्त्रीलिंगी, म्हणून तिच्या जागी आलेली टेपही स्त्रीलिंगी. गाडीमुळे कार झाली तशी.

हडपसर : मग ट्रक 'तो' कसा? तीही गाडीच. कोल्हापूरकडे काय म्हणतात, तिकडचं कुणी आहे का इथे?