जुने लॅपटॉप घेताना विंडोज व ऑफिसच्या लायसन्सबाबत काय तपासावे?

वारणाकाठ
नमस्कार. सांगलीत आमचे हिशेबनिसीचे छोटे कार्यालय असून त्यासाठी पाच जुने लॅपटॉप घ्यायचे आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एका विक्रेत्याने कंपनीतून निघालेला माल दाखवला आणि ‘विंडोज, ऑफिस दोन्ही ओरिजिनल टाकून देतो, वेगळे पैसे नाहीत’ असे सांगितले. बिलावर मात्र तो फक्त लॅपटॉप लिहिणार आहे. हे लायसन्स खरोखर आमच्या नावे येते का? शिवाय आमचा टॅली (हिशेबाची संगणक प्रणाली) असलेला जुना डेस्कटॉपही विकायचा आहे. कृपया जाणकारांनी सल्ला द्यावा.

संगणक-दुरुस्ती
विंडोज आणि ऑफिस यांचा विचार वेगवेगळा करावा. लॅपटॉपसोबत कारखान्यातून आलेले विंडोजचे ओईएम (यंत्र बनवणाऱ्या कंपनीने घातलेले) लायसन्स त्या यंत्राशीच बांधलेले असते. यंत्र विकले की तेही सोबत जाते, पण काढून दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही. विंडोज ८ पासून त्याची ‘की’, म्हणजे लायसन्सचा सांकेतिक क्रमांक, बहुधा मदरबोर्डवरील (मुख्य सर्किट बोर्डवरील) बायोस या चिपमध्येच साठवलेली असते, त्यामुळे ब्रँडेड लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून घेतलेले विंडोज मूळ आवृत्तीप्रमाणे, म्हणजे होम असेल तर होम आणि प्रो असेल तर प्रो, नव्याने टाकले की ते ती ‘की’ स्वतःच उचलते.

खरी अडचण व्हॉल्यूम लायसन्सची, म्हणजे अनेक यंत्रांसाठी एकत्र घेतलेल्या लायसन्सची आहे. मोठ्या कंपन्या आपल्या सगळ्या यंत्रांवर हेच चालवतात, आणि ते कंपनीचे असते. लॅपटॉप भंगारात निघाला तरी ते त्याच्यासोबत जात नाही. दुकानात लॅपटॉप हातात असतानाच कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एसएलएमजीआर’, मग एक जागा सोडून ‘स्लॅश डीएलआय’ असे इंग्रजीत टाइप करावे. उघडणाऱ्या चौकटीत ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ असे आले, तर ते ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचे असते आणि कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क झाल्याशिवाय त्याचे नूतनीकरण होत नाही. विक्रेत्याने एखादे बेकायदा ॲक्टिव्हेटर वापरले असेल, तर ते चालूच राहील. म्हणून ‘ॲक्टिव्हेटेड’ दिसणे हा लायसन्सचा पुरावा मुळीच मानू नये.

पाचही लॅपटॉपवर ऑफिस फुकट मिळत असेल, तर ते अधिकृत असण्याची शक्यता मला दिसत नाही. ते काढून टाकायला सांगावे. आपल्या कामाला पुरत असेल तर लिब्रेऑफिस ही मोफत प्रणाली वापरावी, अन्यथा ऑफिस स्वतःच्या खात्यावर विकत घ्यावे.

कायदा-जिज्ञासू
वरील सल्ल्याशी सहमत आहे, फक्त बिलाबाबत थोडे अधिक आग्रही राहावे असे सुचवतो. स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ब नुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा असून त्यासाठी कारावास व दंडाची तरतूद आहे. ‘विक्रेत्याने टाकून दिले’ एवढे स्पष्टीकरण व्यवसायासाठी अपुरे ठरू शकते. त्यामुळे प्रत्येक लॅपटॉपचा सीरियल क्रमांक आणि त्यावरील विंडोजची आवृत्ती बिलावर लिहून घ्यावी. विक्रेता लिहायला तयार नसेल, तर तो व्यवहार सोडून द्यावा.

वारणाकाठ
दोघांचेही आभार. त्यांतील एका लॅपटॉपचा मदरबोर्ड बदललेला आहे, असे विक्रेता स्वतःच म्हणाला. तो घ्यावा का?

संगणक-दुरुस्ती
लॅपटॉपच्या कंपनीने वॉरंटीत बदलला असेल आणि त्याचा कागद असेल तर घ्यावा. बाहेरून दुसरा बोर्ड बसवला असेल, तर मूळ ओईएम लायसन्स बहुधा गेलेच असे धरून नव्या विंडोजची किंमत भावातून वजा करावी. सोबत प्रोसेसरही पाहावा. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीच्या खालचे यंत्र अधिकृतपणे चालत नाही.

डेस्कटॉप विकण्यापूर्वी इंटरनेट जोडून टॅलीच्याच मेनूतून लायसन्स ‘सरेंडर’ करावे, म्हणजे त्या यंत्रावरून सोडवावे; मग तेच लायसन्स नव्या लॅपटॉपवर चालू करता येईल. डेटाचा बॅकअप त्याआधी घ्यावा, आणि डिस्क पुसण्याचे काम सगळ्यांत शेवटी करावे.