चाल सुचली, पण ती वाजवणार कोण? : अनुभव

पेटी, तबला, गाणे किंवा व्हायोलिन लहानपणी शिकलेली माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि परीक्षा देत देत विशारदपर्यंत पोहोचलेलीही कमी नाहीत. त्यांतून स्वतःची चाल बांधणारे मात्र थोडेच निघतात, आणि त्या चालीभोवती आठ-दहा वाद्यांचे काम लिहून देणारे त्याहूनही थोडे. चाल बांधणे आणि संगीत संयोजन करणे या दोन कामांना आपण बोलताना एकच समजतो. प्रत्यक्षात पहिल्यात आपण आपल्या गळ्याशी बोलत असतो, तर दुसऱ्यात दुसऱ्याच्या हातांचा, ओठांचा आणि श्वासाचा विचार करावा लागतो. लहानपणीच्या कोणत्या गोष्टीने तुमचा कान या बाजूला वळला, पहिली चाल कधी झाली आणि ती इतरांच्या हाती देताना काय चुकले, हे तपशिलाने लिहावे, अशी विनंती आहे. सत्कारांपेक्षा चुका आधी लिहिल्या तर अधिक उपयोग होईल.

पेटीवादक, मिरज

विनंती माझीच असल्यामुळे सुरुवातही मीच करतो. माझ्या शाळेच्या वाटेवर सतारमेकर गल्ली लागत असे. तिथे भोपळे टांगलेले असत आणि एखादा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर पुढे, केसभर मागे सरकवत एकच तार पुन्हा पुन्हा छेडत बसलेला असे. जवारी, म्हणजे तारेची भरदार गुंजन, लागली की तो मला जवळ बोलावून खर्जाची तार ऐकवी आणि विचारी, "आणखी काय ऐकू येतंय?" कित्येक दिवस मला काहीच ऐकू येत नव्हते. मग एके दिवशी, कोणीही न छेडलेला गंधार (ग) त्या षड्जातून (सा) वर येताना ऐकू आला. एका स्वराच्या पोटात दुसरा स्वर असतो, हे मला असे कळले. त्यामागचे ध्वनिशास्त्र पुढे महाविद्यालयात शिकलो, पण त्याने आश्चर्य कमी झाले नाही.

घरी पेटी होती, म्हणून पेटी शिकलो. गोविंदराव टेंबे हे पेटीवादक, आणि १९११ च्या 'मानापमान'च्या चाली त्यांच्याच, त्यामुळे पेटीवाल्याला चाल सुचू शकते याबद्दल आमच्या घरात कोणाला शंका नव्हती. माझ्या पहिल्या दहा-बारा चाली मी पेटीवरच बांधल्या आणि त्या सगळ्यांत एकच दोष होता, जो मला स्वतःला कधीच दिसला नसता. एका गायिकेने त्यांपैकी एक चाल गाऊन पाहिली आणि शांतपणे सांगितले की, ही चाल गळ्याची नाही, बोटांची आहे. एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी मारणे बोटांना सोपे असते, म्हणून मी जागोजागी उड्या घातल्या होत्या. दोन स्वरांच्या मधली वाट पेटीला चालता येत नाही, म्हणून ती मला सुचलीच नव्हती. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दाराबाहेर ठेवले, त्यामागे मींडेचा (स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याचा) आणि श्रुतींचा (स्वरांमधल्या बारीक अंतरांचा) हाच आक्षेप होता. आम्ही पेटीवाले त्या बंदीवर अजून रागावतो, आणि राग रास्तही आहे, पण चाल बांधताना तो आक्षेप मला मान्य करावा लागला. तेव्हापासून चाल आधी गुणगुणून पक्की करतो आणि पेटी नंतर उघडतो.

बँडमास्तरांचा मुलगा, कोल्हापूर जिल्हा

आमचा लग्नाचा बँड होता. वडील दोन क्लॅरिनेट, तीन ट्रंपेट, युफोनियम आणि साइड ड्रमवाल्यांसाठी एका लांबट वहीत सारेगमने सगळे लिहून ठेवत, आणि प्रत्येकाचे पान उतरवून काढण्याचे काम नववीपासून माझ्याकडे आले. त्या कंटाळवाण्या नकलीतून मी जे शिकलो, ते मला कोणत्याही वर्गात मिळाले नसते, कारण पूर्ण वही बघताना गाणे दिसते, पण एकेकाचे पान उतरवताना त्या माणसाने काय करायचे आहे ते दिसते. युफोनियमवाल्याच्या पानावर सोळा मात्रांत चारच स्वर असत आणि तो एक दिवस आला नाही तर गाणे पोकळ वाजे.

सोळाव्या वर्षी मी स्वतः एका मिरवणुकीसाठी सुरुवातीचा पीस लिहिला. ट्रंपेटसाठी तार सप्तकात लांबलचक ओळ होती आणि माझ्या मते ती फार भारी होती. वडिलांनी ती वाचली आणि विचारले, "हा श्वास कुठं घेणार?" मी थांबायची जागाच ठेवली नव्हती. त्यांनी ती खोडली नाही. तशीच वाजवायला दिली. चौकापर्यंत पोहोचेस्तोवर ट्रंपेटवाल्याचे ओठ थकले, वरचे स्वर फुटू लागले आणि वरातीपुढे माझी भारी ओळ शिंकल्यासारखी वाजली. पेटीवाले किंवा कीबोर्डवाले फुंकवाद्यांसाठी लिहितात तेव्हा अजूनही हीच चूक करतात, असे माझे निरीक्षण आहे.

दुसरी गोष्ट पट्टीची, म्हणजे गायकाचा सा पेटीच्या कोणत्या पट्टीवर धरायचा त्याची; काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांना क्रमाने काळी एक, पांढरी एक अशी नावे आहेत. क्लॅरिनेट आणि ट्रंपेट लिहिलेल्या स्वरापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतात, त्यामुळे गाणे काळी पाचमध्ये धरले की वाजवणाऱ्याच्या पानावर ते पांढरी एकमध्ये येते आणि त्याची बोटे मोकळी राहतात. गायक काळी एक म्हणाला की आमच्याकडे सगळ्यांची तोंडे उतरत.

व्हायोलिनवादक, मूळ फोंडा, आता मुंबई

काळी एकबद्दल वरती लिहिले आहे ते वाचून हसू आले, कारण तंतुवाद्यांचीही तीच रड आहे. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन या स्वरांच्या. काळी एकचा षड्ज घेतला, तर बिलावलाच्या, म्हणजे सगळ्या शुद्ध, सात स्वरांत यांतली एकही मोकळी तार कामी येत नाही आणि आठ व्हायोलिने एकत्र वाजताना जी चमक यायला हवी ती येत नाही. पुरुष गायकांची आवडती पट्टी नेमकी तीच.

माझे घर भजनाचे. देवळातल्या भजनात मी झांज वाजवत असे आणि संध्याकाळी सासष्टीतल्या मावशीकडे गेलो की शेजारच्या चर्चमधल्या संगीतशिक्षकांकडून व्हायोलिन शिके. पोर्तुगीज काळापासून गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत, आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याचे इतके वादक व संयोजक दिसतात त्याचे कारण तिथे आहे. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही सगळी त्या परंपरेची माणसे. माजोर्ड्यात १९२७ मध्ये जन्मलेल्या गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत वाद्यवृंद उभा करून राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. लोकांना त्यांचे नाव १९७७ च्या एका चित्रपटगीतामुळे ठाऊक आहे. ते गीत त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या जोडीने स्वरबद्ध केलेले होते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

मुंबईत आल्यावर मी ध्वनिमुद्रणांत मागच्या रांगेत वाजवत असे आणि उरलेल्या वेळात संयोजकांच्या मूळ प्रतीवरून प्रत्येक वाद्याचे भाग उतरवून देई. बँडमास्तरांच्या मुलासारखेच माझेही खरे शिक्षण नकलनवीस म्हणून झाले. अनिल मोहिले यांच्यासारखे मराठीतले नामवंत संयोजकही मूळचे व्हायोलिनवादक, त्यामुळे या रांगेतून पुढच्या टेबलापर्यंत वाट जाते, एवढा धीर होता. गायिका ओळ संपवून श्वास घेते त्या दीड मात्रेत काय ठेवायचे आणि ती पुन्हा सुरू झाली की कोणी गप्प बसायचे, हे मी त्या कागदांवर पाहिले. तिथे मोकळ्या सोडलेल्या मात्रा लिहिलेल्या मात्रांपेक्षा जास्त होत्या.

पुढे कीबोर्ड आणि संगणक आले, आठ व्हायोलिनांचे काम एक माणूस करू लागला आणि आमच्या रांगा विरळ झाल्या. त्याबद्दल तक्रार करायची नाही असे ठरवले आहे. एवढेच म्हणतो की, संगणकातल्या व्हायोलिनला गजाची दिशा बदलावी लागत नाही, म्हणून संगणकावर लिहायला शिकलेली मुले गज कुठे बदलायचा ते लिहीतच नाहीत, आणि खरे वादक समोर बसले की पहिला अर्धा तास पेन्सिलीने बाणच काढण्यात जातो.

शिक्षिका, सातारा जिल्हा

माझा अनुभव लहान आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि मुलांसाठी कवितांना चाली लावते. सुरुवातीच्या चालींत मला येतात तेवढ्या सगळ्या हरकती असत. अंतरा तार गंधारापर्यंत जाई, आणि दुसरीची मुले तिथे पोहोचली की ओरडत किंवा तोंड मिटून घेत. दोष मुलांचा आहे असे मी दोन वर्षे समजत होते. एकदा शाळेत भोंडला घेतला. हत्तीभोवती फेर धरून तीच मुले तासभर सुरात गात राहिली. घरी येऊन मी ती गाणी पेटीवर वाजवून पाहिली, तर बहुतेकांची चाल चार-पाच स्वरांतच फिरते. आता मी सा ते ध एवढ्याच जागेत चाल बांधते आणि प्रत्येक कडव्याची सुरुवात सारखी ठेवते. जागा कमी असली की प्रत्येक स्वराबद्दल विचार करावा लागतो, हे मला आधी कोणी सांगायला हवे होते.

एकांकिकांना पार्श्वसंगीत देणारा, पुणे

मला शास्त्रीय संगीत येत नाही, हे आधीच सांगतो. आठवीत वाढदिवसाला छोटा कॅसिओ मिळाला आणि त्यावर मी दूरदर्शनच्या मालिकांची शीर्षकगीते कानाने काढत असे. महाविद्यालयात पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी एकांकिका बसत होती, कीबोर्डवाला हवा होता, आणि मी विंगेत जाऊन बसलो. शेवटच्या प्रवेशात आई मुलाला पत्र वाचून दाखवते, तिथे मी बासरीच्या आवाजात एक धून बांधली होती, जिचा मला फार अभिमान होता. रंगीत तालमीत मागच्या रांगेतून ओरड झाली की, पत्र ऐकू येत नाही. मी आवाज कमी केला, तरीही ऐकू येईना. आणखी कमी केला तर धूनच नाहीशी झाली. शेवटी ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या माणसाने सांगितले की, तुझी बासरी आणि तिचा आवाज एकाच सप्तकात भांडत आहेत. तीच धून एक सप्तक खाली, चेलोच्या आवाजात नेली, आणि आवाज मुळीच कमी न करता पत्रातला शब्द न् शब्द ऐकू येऊ लागला. संयोजन म्हणतात ते हेच असावे, असे मला त्या क्षणी वाटले आणि अजूनही फारसे वेगळे वाटत नाही.

गायकवृंदाची संचालिका, लंडन

माझी अडचण तुम्हा सगळ्यांच्या उलट आहे. मी इथे वाढले, शाळेत पियानो आणि चार आवाजांचे समूहगायन शिकले, आणि शनिवारी आईच्या आग्रहाने हिंदुस्थानी गायनाच्या वर्गाला जात असे. संयोजन मला आधी येत होते. चाल म्हणजे काय हे फार उशिरा समजले. गणेशोत्सवासाठी मी भूप रागातली एक रचना चार आवाजांत लिहिली, सवयीने प्रत्येक ओळीच्या शेवटी पंचमावरचा कॉर्ड (एकदम लावलेले तीन स्वर) घातला, आणि माझ्या गायनगुरूंनी कानावर हात ठेवले. पंचमावरच्या त्या कॉर्डमध्ये प, नी आणि रे असतात. भूपात निषाद नाहीच. मी राग सुशोभित करत आहे असे समजत होते आणि प्रत्येक ओळीला तो मोडत होते.

मग कागद घेऊन बसले. भूपाच्या पाच स्वरांतून नेहमीच्या घडणीचे तीन स्वरांचे कॉर्ड दोनच बनतात, सा-ग-प आणि ध-सा-ग. दुर्गा रागात तर त्याहून गंमत आहे: म-ध-सा आणि रे-म-ध असे दोन बनतात, पण षड्जावर एकही उभा राहत नाही, कारण गंधारच नाही. म्हणजे पियानोच्या भाषेत ज्याला घर म्हणतात ते घरच या रागात नाही. तेव्हापासून मी कॉर्डचा आग्रह सोडला. एका गटाला सा-प धरून ठेवायला देते, दुसरा गट तीच ओळ चार मात्रा मागून घेऊन येतो, तिसरा फक्त शेवटचे शब्द उचलतो. गुरुजी आता कानावर हात ठेवत नाहीत, मात्र अजून कौतुकही केलेले नाही.

पेटीवादक, मिरज (पुन्हा)

लंडनच्या ताईंचे वाचून राहवले नाही, म्हणून काल रात्री पेटीवर दुर्गा घेऊन बसलो. त्यांचे म्हणणे तंतोतंत बरोबर आहे. षड्जावर कॉर्ड बसवायला गेले की एक बोट हवेत राहते. पण मग पेटी बंद करून तंबोरा लावला आणि सवयीने खर्जाची तार ऐकत राहिलो. जवारी चांगली लागली होती, आणि दुर्गेत ज्याला जागा नाही तो गंधार तारेतून आपोआप येत होता. दुर्गा गाणारे तंबोऱ्यातल्या त्या गंधाराचे काय करतात, हे इथल्या गायकांपैकी कोणीतरी लिहावे.