गुणगौरवाची यादी : अ, ब आणि क विंगच्या ग्रुपवरील चर्चा

सचिव (ब-१०१), सकाळी ८.०५
सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार. १५ ऑगस्टच्या ध्वजवंदनानंतर नेहमीप्रमाणे विद्यार्थ्यांचा गुणगौरव करण्यात येईल. दहावीत ९० टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या सभासदांच्या पाल्यांची यादी सोबत जोडली असून यंदा चार नावे आहेत. फ्लेक्सचा मजकूर आज सायंकाळी छपाईला द्यायचा असल्याने दुरुस्ती असल्यास दुपारपर्यंत कळवावी.

अ-३०४, ८.३१
यादी वाचली. चारही मुलांचे मनापासून अभिनंदन. परंतु गेल्या वर्षी याच विषयावर एवढा वाद होऊन, 'पुढील वर्षी अन्य क्षेत्रांतील यशाचाही विचार व्हावा' असे वाक्य सभेच्या इतिवृत्तात लिहून घेतल्यानंतरही यादी पुन्हा टक्केवारीपाशीच थांबणार असेल, तर ते वाक्य आम्हाला गप्प बसविण्यापुरते होते का, एवढेच विचारायचे आहे. समोरच्या शाळेच्या १७ वर्षांखालील मुलींच्या खो-खो संघाने तालुका, जिल्हा आणि विभाग हे तिन्ही टप्पे जिंकून राज्य स्पर्धा गाठली. त्या संघात आपल्याच इमारतीतील एक मुलगी आहे.

अ-२०१, ८.३४
वहिनी, ती मुलगी आपल्याच इमारतीतील नव्हे, तर आपल्याच घरातील आहे, हेही इतिवृत्तात यावे.

अ-३०४, ८.३७
माझीच आहे, त्यात लपविण्यासारखे काय आहे? पहाटे साडेपाचला तिचा डबा मीच भरते आणि खांबावर झेपावून सोललेल्या तिच्या गुडघ्यांना रात्री हळद-तेलही मीच लावते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही विजेत्या संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते. त्या रात्री याच ग्रुपवर आपण सर्वांनी फटाक्यांची चित्रे टाकली होती.

ब-५०३, ८.४०
फ्लेक्सचा खर्च कोणत्या खात्यातून होणार आहे? तसेच प्रवेशद्वारावर फ्लेक्स लावण्यासाठी महापालिकेची परवानगी घेतली आहे का?

सचिव, ८.५२
ताई, खेळाबद्दल समितीला आदरच आहे. तथापि निकष मोजता येण्याजोगा असावा लागतो. टक्केवारी गुणपत्रिकेवर छापलेली असते, त्यामुळे तिच्यावरून वाद होत नाहीत. एकदा दार उघडले, की उद्या रांगोळी स्पर्धेची प्रमाणपत्रे घेऊन वीस जण येतील आणि ट्रॉफ्या आणायला निधी उरणार नाही.

क-४०२, ९.१५
सचिव महोदय, निवृत्त झाल्यानंतर शाळेच्या विषयात बोलायचे नाही, असे मी ठरविले होते. तरी निकषाचा मुद्दा निघालाच आहे, तर थोडे स्पष्टीकरण करतो. दहावीची टक्केवारी उत्कृष्ट पाच विषयांच्या ५०० गुणांवर काढली जाते आणि तिच्यात शासकीय रेखाकला परीक्षेचे सवलतीचे गुणही धरले जातात. इंटरमिजिएटला अ श्रेणी असल्यास ७, ब असल्यास ५ आणि क असल्यास ३ गुण मिळतात. समजा, एखाद्याला ५०० पैकी ४४४ गुण मिळाले, तर त्याचे ८८.८० टक्के होतात. त्यात चित्रकलेचे ७ मिळविले, की तेच ९०.२० होतात. क्रीडास्पर्धांतील कामगिरीलाही पात्रतेनुसार असे गुण आहेत. म्हणजे कला आणि क्रीडा या दोन्ही गोष्टी आपल्या ९० टक्क्यांच्या निकषात मागच्या दाराने आधीच येऊन बसल्या आहेत. पुढच्या दाराने त्यांना अडविण्यात तर्क दिसत नाही.
जाता जाता : गेल्या वर्षीच्या फ्लेक्सवर 'उज्वल यश' असे छापले होते. तो शब्द 'उज्ज्वल' असा लिहितात.

क-१०४, ९.२२
सर, आपल्याविषयी नितांत आदर आहे. परंतु उदाहरणासाठी आपल्याला नेमके ९०.२० हेच आकडे का सुचले, हे यादी उघडणाऱ्या प्रत्येकाला कळते. माझ्या मुलाने ती चित्रे स्वतः काढली आहेत. स्थिरचित्रासाठी मांडलेल्या तांब्यातील वांगी सुकेपर्यंत तो त्यांच्यासमोर बसून होता. ते ७ गुण कोणी दान दिलेले नाहीत.

क-४०२, ९.२६
ताई, ते गुण त्याच्या हक्काचे आहेत, हेच तर मी म्हणतो आहे. आकडा निवडताना माझी चूक झाली, त्याबद्दल क्षमस्व.

अ-२०१, ९.२७
वांग्यांचे पुढे काय झाले, याचा खुलासा झाल्यास बरे होईल.

क-१०४, ९.२८
भरीत झाले. आपल्याकडेही वाटी पाठविली होती. ती वाटी अद्याप परत आलेली नाही.

ब-५०३, ९.३०
कृपया मूळ मुद्द्यावर यावे. फ्लेक्सचा खर्च कोणत्या खात्यातून होणार आहे?

खजिनदार (ब-३०२), ९.४१
सांस्कृतिक खात्यातून. मागील तीन वर्षांप्रमाणेच.

ब-५०३, ९.४२
मागील तीन वर्षे मी हेच विचारतो आहे.

अ-३०४, ९.५५
सर, आपले आभार. आता केवळ माझ्या मुलीपुरते बोलले जाऊ नये, म्हणून आणखी एक नाव सुचविते. क-३०१ मधील चिरंजीव नववीत असताना होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्ही परीक्षा ओलांडून कृतिसंशोधन प्रकल्पापर्यंत पोहोचला. ही स्पर्धा सोपी नसते, हे ज्यांची मुले लेखी परीक्षेतूनच परतली त्यांना, म्हणजे मलाही, चांगले ठाऊक आहे. त्याचे नाव यादीत का नाही?

अ-२०१, ९.५८
टाकीतून पाणी गळले आणि यादीतून नाव गळले.

सचिव, १०.०४
हा विनोद अस्थानी आहे. त्या मुलाचे कौतुक मी स्वतः जिन्यात थांबवून केले होते. मात्र सोसायटीच्या अंतर्गत बाबी शाळेच्या प्रकल्पाचा विषय व्हाव्यात का, याविषयी माझे मत वेगळे आहे आणि ते मी त्याच्या वडिलांना सांगितले आहे.

क-३०१, १०.२०
मी सहसा या ग्रुपवर लिहीत नाही. माझ्या मुलाच्या प्रकल्पाचा विषय 'इमारतीतील पाण्याचा अपव्यय' हा होता आणि त्यात सोसायटीचे नाव कोठेही घातलेले नाही. क विंगच्या टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप गच्चीवर ज्या कोपऱ्यात सुटतो, तेथे तो १५ लिटरची बादली आणि माझे जुने घड्याळ घेऊन २१ दिवस सकाळी उभा राहिला. बादली साधारण ५० सेकंदांत भरत असे, म्हणजे मिनिटाला १८ लिटर. पाणी सरासरी ४० मिनिटे वाहत असे, म्हणजे दिवसाला ७२० लिटर. टाकी भरल्यावर पंप बंद करणारा सेन्सर निकामी झाला आहे, हा त्याचा निष्कर्ष होता आणि नंतर आलेल्या प्लंबरनेही तेच सांगितले. त्याचे नाव यादीत घ्यावे अशी माझी मागणी नाही. परंतु त्याच पाण्यावरून आपण पहारेकरी मामांच्या पगारातून ५०० रुपये कापले होते आणि त्यांचा दोष नव्हता, हे त्या मुलाच्या वहीत तारखांसह लिहिलेले आहे.

अ-२०१, १०.२३
या ठिकाणी माझा विनोद मी मागे घेतो.

क-४०२, १०.३५
पहारेकऱ्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. त्यांच्या मुलीची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीसाठी निवड झाली आहे. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील आठवीच्या मुलांसाठी ही परीक्षा असते. बौद्धिक क्षमतेचे ९० आणि शालेय विषयांचे ९० प्रश्न प्रत्येकी दीड तासात सोडवायचे असतात. निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. ती वर्षभर सायंकाळी माझ्याकडे गणितासाठी येत होती. जिन्याखालच्या खोलीत दिवा मंद असल्याने आकृतिमालिका माझ्या जेवणाच्या टेबलावर सोडवायची आणि उठताना खोडरबरचा चुरा ओंजळीत गोळा करून घेऊन जायची. ज्या वयात आपण मुलांच्या मागे ताट घेऊन फिरतो, त्या वयात या मुलीने अर्जासाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला स्वतः तहसील कार्यालयाच्या रांगेत उभी राहून आणला.

सचिव, १०.४८
सर, आपल्या भावना समजतात. परंतु नियमात 'सभासदांचे पाल्य' असे शब्द आहेत. नियम मी केलेला नाही. उद्या प्रश्न विचारले जातील.

ब-५०३, १०.५०
प्रश्न मीच विचारतो, म्हणून स्पष्ट करतो : या नावाला माझी हरकत नाही. फ्लेक्सच्या खर्चाला आहे. फ्लेक्स रद्द करून तेवढ्या रकमेत तीन ट्रॉफ्या वाढवाव्यात.

खजिनदार, १०.५३
हिशेबात ते बसते. फ्लेक्स आणि तो बांधणाऱ्याची मजुरी मिळून जेवढे होतात, तेवढ्यात चारसुद्धा येतील.

अ-३०४, १०.५५
इतक्या वर्षांत ब-५०३ यांच्याशी मी प्रथमच सहमत आहे.

क-१०४, ११.०२
माझीही संमती आहे. फ्लेक्सवर माझ्या मुलाचा फोटो छापून येणार होता, तो घरी फ्रेम करून लावता येईल. मात्र पुरस्कार देताना टक्के वाचून दाखवू नयेत, सर्वांची केवळ नावे वाचावीत, ही विनंती.

सचिव, ११.२०
सर्वांचे मत लक्षात घेऊन सुधारित यादीत सात नावे घेत आहे. पहारेकऱ्यांच्या कन्येचे नाव 'विशेष निमंत्रित' म्हणून येईल, म्हणजे नियमालाही बाध येणार नाही. ५०० रुपयांचा विषय समितीच्या पुढील बैठकीत घेऊ.

क-४०२, ११.२४
बैठक कधी आहे?

सचिव, ११.२५
कळवितो.

अ-२०१, ११.३१
महत्त्वाचे : क विंगच्या गच्चीवरून गेला पाऊण तास पाणी पडत आहे. पहारेकरी मामांना कोणीतरी फोन करावा.

क-३०१, ११.३३
ते आज रजेवर आहेत. शिष्यवृत्तीची रक्कम मुलीच्या खात्यात जमा होण्यासाठी आधार जोडायचे आहे, म्हणून सकाळीच तिला घेऊन बँकेत गेले आहेत. माझा मुलगा बादली घेऊन वर निघाला आहे.

सचिव, ११.३६
पंप मीच सुरू केला होता. यादीच्या गडबडीत लक्षात राहिले नाही. खाली जाऊन बंद करतो.