२६ डिसेंबरची होबार्ट शर्यत: बोट, डोंगर की विमान?

प्रेषक: सचिव
विषय: २६ डिसेंबर, नावं कळवा

नमस्कार मंडळी,

दिवाळीचे फोटो अजून टाकायचे आहेत, माहीत आहे. त्याआधी हे.

सिडनीहून टास्मानियातल्या होबार्टपर्यंत जाणाऱ्या शिडाच्या नावांच्या, म्हणजे सिडनी-होबार्ट शर्यतीची सुरुवात बघायला यंदा जायचं का, अशी विचारणा आठ जणांनी केली आहे. गेल्या वर्षीसारखी भाड्याची बोट करता येईल, नाहीतर हार्बरच्या तोंडाशी असलेल्या नॉर्थ हेडच्या डोंगरावरून फुकटात बघता येईल. सुरुवातीची तोफ दुपारी एकला. बोट हवी असेल तर आगाऊ रक्कम भरावी लागते, म्हणून रविवारपर्यंत कळवा. "बघू", "जमवू" ही उत्तरं मोजली जाणार नाहीत.

आपली,
सचिव


प्रेषक: माई
विषय: रि: २६ डिसेंबर, नावं कळवा

बोट नको.

गेल्या वर्षी चाळीस माणसांचे वडे मी तळले होते, त्यामुळे बोलायचा हक्क मला आहे. बोटवाल्याने "अगदी पहिल्या रांगेतून" म्हणून पैसे घेतले. शर्यतीच्या नावांसाठी पाण्यात पट्टा राखून ठेवतात, त्यात बाकी कुणाला शिरू देत नाहीत, हे त्याने आधी सांगितलं नाही. आमच्यापुढे एक दुमजली पार्टीची बोट, तिच्यापुढे आणखी एक. मला दिसली ती एका गृहस्थांची उन्हाने सोललेली पाठ आणि तिच्यावरून शिडाचं टोक. विसर्जनाच्या गर्दीत मागून गणपतीचा नुसता मुकुट दिसावा तसं. तोफ तर डीजेच्या गोंगाटात ऐकूच आली नाही.

मग तोफ झाल्यावर सगळ्या प्रेक्षक बोटी एकदम हेड्सकडे, म्हणजे हार्बरच्या तोंडावरच्या दोन कड्यांकडे, सुटल्या. पाणी नुसतं ताकासारखं घुसळलं. माझा डबा सरकत सरकत कठड्यापर्यंत गेला, आणि ज्यांनी वडे खाल्ले होते त्यांनी ते समुद्राला परत केले. सचिवबाई, तुम्हीसुद्धा.

माई


प्रेषक: बाळ्या
विषय: रि: रि: २६ डिसेंबर, नावं कळवा

मी घरीच. त्या दिवशी मेलबर्नला टेस्ट असते, आणि ती बघताना उलटी होत नाही.

पण एक शंका बरीच वर्षं आहे. दोन दिवसांनी बातमी येते की अमकी नाव पहिली आली. शॅम्पेन, फोटो, सगळं होतं. आणखी दोन दिवसांनी बातमी येते की शर्यत भलतीच कुणीतरी जिंकली. पहिली आली ती जिंकली नाही, मग ती काय आली? नाना शुक्रवारी नावेवर जातात, त्यांनी सांगावं.


प्रेषक: नाना
विषय: पहिली आली ती जिंकली का? (होता: २६ डिसेंबर, नावं कळवा)

बाळ्या,

विषय बदलला आहे, कारण उत्तर लांबणार. चहा घेऊन बस.

या शर्यतीत दोन मान असतात. होबार्टची अंतिम रेषा सर्वांत आधी ओलांडणारीला 'लाइन ऑनर्स' मिळतात. तो मान बहुतेक वेळा शंभर फुटी नावांतलीच कुणी पटकावते, कारण शंभर फूट ही इथली कमाल मर्यादा आहे आणि लांब नाव मुळातच जास्त पळते. पण खरा करंडक म्हणजे टॅटरसॉल कप, आणि तो हँडिकॅपवर ठरतो. प्रत्येक नावेची लांबी, वजन, शिडं वगैरे मोजून तिला एक आकडा देतात आणि लागलेल्या वेळेला त्या आकड्याने गुणतात. समजण्यापुरतं उदाहरण घे. मोठ्या नावेचा आकडा २, तिला लागले ४८ तास, म्हणजे झाले ९६. माझ्या शुक्रवारच्या नावेसारख्या चौतीस फुटीचा आकडा ०.९५, तिला लागले १०० तास, म्हणजे झाले ९५. मोठीवाले आंघोळ करून, जेवून, दोन झोपा काढून किनाऱ्यावर उभे आहेत, आणि दोन दिवसांनी मिठाने पांढरी झालेली चौतीस फुटी येऊन त्यांच्यावर एका तासाने जिंकते. कपात चीटिंग नाही रे. घोड्यांच्या शर्यतीत वजनं बांधतात, तसंच हे.

म्हणूनच इथे जुन्या नावेलाही मोडीत काढत नाहीत. 'लव्ह अँड वॉर' ही ४७ फुटी लाकडी नाव १९७४ साली जिंकली, १९७८ साली जिंकली आणि मग थेट २००६ साली पुन्हा जिंकली! 'मालुका' १९३२ सालची, जेमतेम नऊ मीटरची. तीही कार्बन फायबरच्या राक्षसांबरोबर एकाच दिवशी निघते आणि होबार्टला पोचते.

अंतर ६२८ सागरी मैल, म्हणजे ११६३ किलोमीटर. विक्रम 'कोमांचे'चा, २०१७ सालचा: १ दिवस ९ तास १५ मिनिटं २४ सेकंद. गंमत म्हणजे त्या वर्षी तिच्याआधी 'वाइल्ड ओट्स इलेव्हन' पोचली होती, आणि तिची वेळ याहूनही कमी होती. पण सुरुवातीलाच, सिडनी हार्बरमध्ये, वाट देण्याच्या नियमात तिची चूक झाली होती. सुनावणी होबार्टला झाली, एक तासाचा दंड बसला आणि पहिला नंबर गेला. नियम साधा आहे: वारा ज्या नावेच्या उजव्या कुशीवर येतो तिचा हक्क, डाव्या कुशीवर येतो तिने वाट द्यायची. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही हाच नियम एकमेकांवर ओरडत असतो. "स्टारबोर्ड!" अशी आरोळी आली की समोरच्याने निमूट वळायचं. घरी सवय नसल्याने काही जणांना ते जड जातं.

१९४५ साली पहिल्यांदा निघाले तेव्हा नऊ नावा होत्या. मुळात बेत नुसता होबार्टपर्यंत फिरून यायचा होता. ब्रिटिश नौदलाचे कॅप्टन जॉन इलिंगवर्थ म्हणाले, मग शर्यतच करू या. वाटेत वादळ झालं, त्यांच्या 'रानी'चा पत्ता लागेना, लोक काळजीत पडले. आणि तीच सर्वांच्या आधी हजर झाली, हँडिकॅपवरही तीच जिंकली. ६ दिवस १४ तास २२ मिनिटं. रानी हे नाव वाचून मला उगीचच आपलं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

आता बोट की डोंगर. माईंना माझा पूर्ण पाठिंबा. नॉर्थ हेडवर चला. नावा आधी तुमच्याकडे येतात, हेड्सबाहेरच्या खुणेच्या फुग्यांना वळसा घालतात आणि मग दक्षिणेला तोंड करतात. वारा ईशान्येचा असेल तर वळल्यावर नाळेवर, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकावर, एकेक रंगीत स्पिनेकर (फुग्यासारखं मोठं शीड) फुगतो. आधी कापडाची वळकटी वर जाताना दिसते, दोनदा फडफडते, आणि 'फट्' करून पोट काढते. शंभराच्या आसपास नावा असल्या की पाऊण तास हेच चाललेलं असतं. दुर्बीण आणा, टोपी आणा.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. सुरुवात ही वरात आहे. लग्न होबार्टला लागतं, आणि तिथे आपल्यापैकी कुणी जात नाही.

मी २०२३ साली गेलो होतो, कारण माझ्या नावेचा तांडेल, म्हणजे कप्तान (तो मूळचा इथलाच, पण तांडेल म्हटलं की खूश होतो) दुसऱ्याच्या नावेवर खलाशी म्हणून शर्यतीत होता. २८ तारखेला सकाळी आठच्या सुमारास मी होबार्टच्या डरवेंट नदीच्या काठी उभा होतो. दोन शंभर फुटी, 'लॉकनेक्ट' आणि 'कोमांचे', नदीत एकमेकींच्या पुढेमागे करत होत्या. ६२८ मैलांनंतर त्यांच्यातलं अंतर निघालं ५१ सेकंद! लॉकनेक्ट पुढे. शेजारची बाई मला ओळखत नव्हती, तरी तिने माझा दंड धरला होता. आणि बाळ्या, तुझी भानगड इथेही झालीच. त्या वर्षीचा टॅटरसॉल कप गेला टास्मानियाच्याच 'अलाइव्ह'ला.

तेही राहू दे. मला लक्षात राहिली आहे ३० तारखेची पहाट. डरवेंटचा रात्री वारा पडतो. समुद्र संपत आल्यावर लागणाऱ्या टास्मन आयलंडपर्यंत जिवावर उदार होऊन आलेली नाव शेवटचे दहा मैल नुसती बसून राहते. आमच्या तांडेलाची नाव, घाट उतरून वेशीवर एस.टी. बंद पडावी तशी, अंतिम रेषेच्या थोडी अलीकडे अडकली होती. धक्क्यावर आम्ही सात-आठ जण. अंधारात हिरवा आणि लाल असे दोन दिवे. एक तास झाला, दिवे तिथेच. पाणी आरशासारखं, त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. कुणीतरी शिंकलं तेसुद्धा ऐकू आलं. कोणी ओरडत नव्हतं, कारण इतक्या मंद वाऱ्यात जोरात हलायचीही चोरी असते, सगळे एका कुशीला पाय बाहेर सोडून गप बसलेले. पहाटे पाचला कुठून तरी झुळूक आली, आणि शेवटच्या मैलाला त्यांनी पस्तीस मिनिटं घेतली.

धक्क्याला लागले तेव्हा डिझेल आणि ओल्या मोज्यांचा वास आला. तांडेलाचे ओठ फुटलेले, हात सुजून पावासारखे. उतरला आणि सरळ माझ्या अंगावर झुकला, कारण चार दिवसांनी जमीन हलत होती. मी थर्मासमधला चहा आणि पातळ पोह्यांचा चिवडा दिला. तो म्हणाला, "तिखट आहे, ओठ झोंबतात," आणि अख्खा डबा संपवला. निकालात त्यांचा नंबर कुठेतरी पन्नासच्या पुढे. त्यांना तोंडपाठ होता, मी विसरलो.

तर विमानाची तिकिटं काढा. २८ ते ३१. मोठ्यांसाठी नाही, मागून येणाऱ्यांसाठी.

नाना


प्रेषक: ताई (वेस्टमीड)
विषय: रि: पहिली आली ती जिंकली का?

नाना, मेल घरात मोठ्याने वाचली आणि पस्तावले. आमचा सोळा वर्षांचा आता म्हणतोय की मला नावेवर जायचंय. बघायला नाही, जायला.

२०२४ ची बातमी मी विसरलेले नाही. आणि १९९८ चं इथले जुने शेजारी अजून सांगतात. तुम्ही चिवड्याचं लिहिलंत, ते नाही लिहिलंत.


प्रेषक: नाना
विषय: रि: रि: पहिली आली ती जिंकली का?

ताई,

बरोबर आहे, लिहायला हवं होतं.

१९९८ साली ११५ नावा निघाल्या, ४४ पोचल्या. पाच बुडाल्या, ५५ खलाशांना वाचवावं लागलं, सहा जण गेले. आणि २०२४ साली पहिल्याच रात्री दोन वेगवेगळ्या नावांवर दोघे गेले: एकाला बूमचा, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याचा, तडाखा, दुसऱ्याला ती बूम ताणून धरणाऱ्या दोराचा. दोघेही अनुभवी. शर्यत चालू राहिली, पण त्या वर्षी जिंकणाऱ्यांचेही चेहरे बघवत नव्हते.

धोका कुठे आहे तेही सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याने समुद्राचा एक प्रवाह दक्षिणेला वाहतो. नावांना तो आवडतो, फुकटचा धक्का मिळतो. पण समोरून दक्षिणेचा वारा सुटला की प्रवाह एकीकडे, वारा दुसरीकडे, आणि लाट उभी राहते. पुढे मुख्य ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियामधली बास सामुद्रधुनी, ती उथळ, सरासरी साठेक मीटर. आपल्याकडे खाडीच्या तोंडावर ओहोटीला समोरून वारा असला की पाणी कसं उसळतं, माझे आजोबा तिथे होडी घालायचेच नाहीत. हे तेच, फक्त शेकडो मैलांचं.

१९९८ नंतर बरंच बदललं. ग्रीन केपपाशी, सामुद्रधुनीत शिरण्याआधी, प्रत्येक नावेला रेडिओवरून सांगावं लागतं की नाव आणि माणसं पुढे जायला ठीक आहेत. नाही सांगितलं तर पुढे जायचं नाही. निम्म्या खलाशांनी तरी समुद्रात जीव वाचवण्याचं प्रशिक्षण घेतलेलं लागतं, पोहण्याच्या तलावात कपड्यांसकट उड्या मारून उलटलेल्या तराफ्यावर चढायचं. मी ते केलं आहे, साठीच्या उंबरठ्यावर. चौथ्या प्रयत्नात चढलो, तेही मागून एका मुलीने ढकललं म्हणून.

तुमच्या मुलाचं होबार्ट अजून लांब आहे. आधी शुक्रवार. संध्याकाळची शर्यत, हार्बरच्या आतच, दीड-दोन तास, सगळ्यांना लाइफ जॅकेट. नवख्याला कडेला बसवतात, कारण नाव कलते तेव्हा उंच बाजूला वजन लागतं. काम एवढंच: सांगितलं की डोकं खाली घालून दुसऱ्या कडेला पळायचं. मी पहिल्या वर्षी फक्त हेच केलं. डोकं खाली घालणं हा मात्र विनोद नाही, ती बूम कुणाची वाट बघत नाही. पहिल्या दिवशी तुम्हीही या, धक्क्यावरून बघा.

त्याला दिलीप दोंदे यांच्याबद्दलही सांगा. नौदलातले कमांडर, आपला मराठी माणूस. ऑगस्ट २००९ ला मुंबईहून 'म्हादेई' घेऊन एकटे निघाले आणि १९ मे २०१० ला पृथ्वीला फेरी मारून मुंबईलाच परत आले. वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केप टाउन. असं एकट्याने करणारे पहिले भारतीय. आणि ती ५६ फुटी नाव गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. इथल्या क्लबात कुणी "तुमच्याकडे शिडाच्या नावा असतात का?" म्हणून विचारलं की मी हे सांगतो, आणि मग आजोबांचं. आजोबांचं जास्त लांबतं.

नाना


प्रेषक: बाळ्या
विषय: रि: रि: रि: पहिली आली ती जिंकली का?

कळलं. डकवर्थ-लुईसच आहे की. आधी सांगायचंत ना.


प्रेषक: सचिव
विषय: २६ डिसेंबर, अंतिम

मंडळी,

बोट रद्द. (माई, त्या दिवशी लाटा खरंच मोठ्या होत्या.)

नॉर्थ हेडला २७ जण. सर्क्युलर कीहून मॅनलीची फेरी, सकाळी साडेनऊला धक्क्यावर जमायचं. मॅनलीपासून वर पायी चढण आहे, ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी मला वेगळं कळवावं, बसचं बघू. पाणी आणि टोप्या आपापल्या.

होबार्टला सहा जण: नाना, ताई, त्यांचा मुलगा, मी, आणि आश्चर्य म्हणजे बाळ्या दोन तिकिटं काढून मोकळा झाला आहे. टेस्ट चौथ्या दिवशी संपली तर, म्हणे.

ताईंच्या मुलाने परवा पहिला शुक्रवार केला. तळहाताला फोड, कपाळाला टेंगूळ. टेंगूळ बूमचं नाही, गाडीच्या दाराचं, असं ताईंनी सर्वांना कळवायला सांगितलं आहे.

माई, वड्यांचं काय?

सचिव


प्रेषक: माई
विषय: रि: २६ डिसेंबर, अंतिम

डोंगरावर वडे नेईन. होबार्टला चिवडा पाठवते, तिखट बेताचं घातलं आहे.