मदत हवी आहे: अंगात कसकस असताना ३२ किलोमीटर पूर्ण केले, येत्या रविवारी ३५ धावावेत का?

पहाटवारा (धागाकर्ता), बुधवार
नमस्कार. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत मी प्रथमच पूर्ण मॅरेथॉन धावणार आहे आणि जेमतेम सात आठवडे उरले आहेत. गेल्या रविवारी रंकाळ्यावरून निघून पन्हाळ्याच्या रस्त्याने १६ किलोमीटर जाऊन परत यायचे होते. शनिवारी रात्रीच अंग मोडून आले होते, तरी गोळी घेऊन पहाटे निघालो. परतताना ऊन चढलेले असूनही अंगावर काटा येऊ लागला, पण ग्रुपमधले कोणीच थांबले नव्हते, म्हणून मीही ३२ पूर्ण केले. येत्या रविवारी सरावाच्या तक्त्यात ३५ आहेत. ते धावावेत की ३० वर थांबावे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

दख्खनी
गोळी कोणती होती? ताप मोजला होता का? आज कसे वाटते? हे कळल्याशिवाय ३० किंवा ३५ असा आकडा सांगता येणार नाही.

गडवाट
माझा अनुभव वेगळा आहे. पन्हाळा ते पावनखिंड ही पदभ्रमंती मी भर पावसात, सर्दी-ताप अंगावर काढून पूर्ण केली आहे. गुळवेल, सुंठ आणि तुळशीचा काढा दोन दिवस घ्यावा आणि हळू पेसने ३५ पूर्ण करावेत. घाम निघाला की शरीर मोकळे होते.

दख्खनी
आपला आदर राखून असहमती नोंदवतो. नाक वाहणे किंवा शिंका एवढेच असेल तर हलके धावणे बहुधा चालते. परंतु ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असेल तर धावू नये. काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि तशा अवस्थेत जोराचा व्यायाम केल्यास हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात. आपल्याला काही झाले नाही याचा आनंद आहे, पण तो सल्ला होऊ शकत नाही.

मीठलिंबू
२५ किलोमीटरनंतर जेल (धावताना घ्यायचा साखरेचा घट्ट पाक) पोटाला सोसत नसेल तर खजूर आणि मीठ-साखरेचे पाणी घेऊन पाहा. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडच्या चढावर मला त्याचाच आधार झाला.

पहाटवारा
जेलचा प्रश्न नाही, तरीही आभार. राहिलेली माहिती देतो. शनिवारी ताप मोजला नव्हता. सोमवारी १०१ होता, आज ९९.८ आहे. गोळी आयबुप्रोफेन होती आणि वाटेत पाणी कमीच प्यायलो. सकाळी उठल्यावर नाडी एरवी ५४ असते, ती आज ७० आहे. डोळ्यांमागे दुखते. जूनपासून एकही लाँग रन चुकवलेला नाही, म्हणून हा सोडवत नाही.

दख्खनी
ही माहिती आधी हवी होती. ताप एक अंश सेल्सिअसने चढला तर नाडी साधारण दहाने वाढते. तुमचा ताप जवळपास उतरला असूनही ती १६ ने जास्त आहे, म्हणजे शरीर अजून सावरलेले नाही. आयबुप्रोफेनने मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो, त्यात घामाने पाणी गेले तर इजा होण्याचा धोका वाढतो. शिवाय डोळ्यांमागे दुखणे डेंग्यूतही आढळते आणि डेंग्यूत ही गोळी रक्तस्रावाच्या भीतीने टाळतात. आजच डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या. लघवी गडद होत असेल तर तेही सांगा.

गडवाट
ताप १०१ होता हे मला ठाऊक नव्हते. ३५ धावण्याचा सल्ला मी मागे घेतो. काढासुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

पहाटवारा, शुक्रवार
काल तपासणी झाली. डेंग्यूची चाचणी निगेटिव्ह आली, ईसीजी आणि मूत्रपिंडाचा अहवाल ठीक आहे. मात्र पांढऱ्या पेशी कमी असल्याने डॉक्टरांनी दहा दिवस धावणे बंद ठेवून पुन्हा रक्त तपासायला सांगितले आहे. रविवारी पहाटे ग्रुप निघेल तेव्हा मी घरी असेन, याचे मनापासून वाईट वाटते. दहा दिवसांनी सुरुवात कशी करावी?

दख्खनी
दुसरा अहवाल चांगला आला आणि नाडी ५४ च्या आसपास उतरली, तरच प्रथम ३० मिनिटे चालावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा मोजावी. वाढली नसेल तर ५, मग ८ किलोमीटर सावकाश. छातीत दुखले, धडधडले किंवा दम लागला तर तिथेच थांबून डॉक्टरांकडे जावे. हुकलेले किलोमीटर भरून काढू नका. डिसेंबरअखेरीस २८ चा एक लाँग रन जमला तर त्यानंतर टेपर (शर्यतीआधी सराव हळूहळू कमी करणे) सुरू करा, आणि तो जमला नाही तर यंदाचा बिब (धावपटूचा क्रमांक), म्हणजे ही शर्यतच, सोडून द्या.