व्याप्ती, वेळ, खर्च यापलीकडची क्षेत्रं

प्रकल्प व्यवस्थापनाची चर्चा बहुधा व्याप्ती (प्रकल्पात काय काय करायचं), वेळ आणि खर्च या तीन क्षेत्रांवर होते. पण पीएमबॉक (PMBOK) या प्रकल्प व्यवस्थापनाच्या मार्गदर्शक पुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत (२०१७) अशी १० क्षेत्रं होती. उरलेली सात म्हणजे दर्जा, मनुष्यबळ व साधनं, संवाद, जोखीम, खरेदी, हितसंबंधी लोक आणि या सगळ्यांची मोट बांधणारं एकात्मीकरण.

तरी खरा घोळ व्याप्तीतच होतो. "एवढं एक करून द्या ना" असं कोणीतरी तोंडी सांगतं, टीम ते करून टाकते, तारीख मात्र जुनीच राहते. म्हणून बदलाची मागणी लेखीच घ्यावी: काय बदलायचं, दिवस किती वाढतील, खर्च किती वाढेल, मंजुरी कोणाची. चारही रकाने भरल्याशिवाय कामाला हात लावू नये, मग मागणारा कितीही वरचा असो.

वेळेचा अंदाजही एका आकड्यात मागू नका. सुरळीत झालं तर ४ दिवस, बहुधा ६, अडलंच तर १४ असं उत्तर आलं, तर 'बहुधा'च्या आकड्याला चौपट वजन देऊन (४ + ४×६ + १४) ÷ ६ म्हणजे ७ दिवस धरावेत. १४ का लागतील हे विचारलं की जी कारणं निघतात, ती थेट जोखमीच्या यादीत टाका. प्रत्येक जोखमीपुढे एकाच माणसाचं नाव हवं. तिथे "टीम" लिहिलं की कोणीच बघत नाही.

संवादाचं गणित: ५ जणांत १० जोड्या, १० जणांत ४५. उशीर झाला म्हणून माणसं वाढवण्याआधी हे बघा. शिवाय नव्यांना शिकवण्यात जुनेच अडकतात.