बरणीतली कोळंबी नवी प्रजाती आहे का, हे कसं ठरवतात? (सल्ला हवा)

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. इथे प्राणिशास्त्रातले बरेच जण आहेत म्हणून विचारते. मी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या सरांनी माझ्यापुढे तेरा बरण्या ठेवल्या आहेत. माल सेंट्रल इंडियन रिजवरचा (हिंदी महासागराच्या तळावरची डोंगररांग), हायड्रोथर्मल व्हेंटच्या, म्हणजे समुद्रतळातून फुटणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या, आसपास गोळा केलेला. कोळंब्या, लिंपेट (टोपीसारख्या शंखाच्या गोगलगायी), खवलेवाले किडे. एमएस्सीला मी खाडीतल्या तिसऱ्यांवर (शिंपल्यांवर) काम केलं, अडीच हजार मीटर खालचं काही आजवर हातात धरलेलं नाही.

एका बरणीत नऊ कोळंब्या आहेत. सहा मोठ्या, बोटभर लांब, पाठ फुगलेली, डोळे जागेवर दिसतच नाहीत. तीन लहान, सडपातळ, डोक्याला पुढे छोटं टोक, डोळे नीट समोर. सरांना या तीन ‘नव्या’ वाटताहेत आणि वर्षअखेर पेपर जावा असं त्यांचं म्हणणं. मला धाकधूक आहे. आधी मायक्रोस्कोप की आधी डीएनए? पुस्तक कुठलं? आणि ‘नवीन’ म्हणायचं कधी?

ओहोटी:
सगळ्यात शेवटी म्हणायचं. आधी हे वाच, मग सरांनाही वाचायला दे.

अटलांटिकमधल्या व्हेंटवर रिमिकारिस एक्झोक्युलाटा ही कोळंबी हजारोंनी असते. १९८६ साली तिचं वर्णन झालं. एक्झोक्युलाटा म्हणजे डोळे नसलेली, पण १९८९ मध्ये सिंडी व्हॅन डोव्हर यांनी दाखवलं की डोळे आहेत, फक्त पाठीवर, कवचाखाली पसरलेले. तुझ्या सहा मोठ्यांची पाठ दिव्याखाली तिरकी धरून बघ, फिकट पट्ट्यांची जोडी दिसते का.

आता मुद्द्याचं. १९९६ मध्ये तिथल्याच एका वेगळ्या दिसणाऱ्या कोळंबीला नवी प्रजाती म्हणून नाव मिळालं, तेही नव्या वंशात (जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट): इओरानिया कॉन्कॉर्डिया. पुढे कळलं की ती रिमिकारिस एक्झोक्युलाटाचीच पिल्लं. पिल्लाचे डोळे समोर असतात, वाढताना मागे सरकत पाठीवर जातात. वंश आणि प्रजाती दोन्ही नावं बाद.

तुझ्या बरणीत मोठे एका रूपाचे, लहान दुसऱ्या रूपाचे, आणि समोर डोळे फक्त लहानांना. मला तरी हे ओळखीचं वाटतंय.

चहाबिस्कीट:
मालवणी मसाला लावून कळेल की. (पळतोय.)

डोंगरी_खेकडा:
चहाबिस्कीट, ती ९५ टक्के अल्कोहोलात मुरलेली आहे, तुम्हीच चाखा.

मी सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवर काम करतो, समुद्राचं मला ओ की ठो कळत नाही. पण बरण्या सगळीकडे सारख्याच. काही उघडण्याआधी लेबलं बघा. चिठ्ठी बरणीच्या आत आहे का बाहेर चिकटवलेली? पेन्सिलने आहे का? शाई अल्कोहोलात उतरते. डाईव्ह (पाणबुडीची फेरी) क्रमांक, खोली, तारीख, कशाने उचललं, हे नसेल तर नवीन प्रजाती जरी निघाली तरी ‘हिंदी महासागरात कुठेतरी’ असं लिहावं लागेल.

आणि द्रव कुठला आहे ते विचारा. माझ्या आधीच्या लॅबमध्ये एका भल्या माणसाने अर्धवट भरलेल्या बरण्या दिसल्या म्हणून सगळ्यांत फॉर्मलीन ओतलं होतं. त्या खेकड्यांचं डीएनए काढता काढता माझं दीड वर्ष गेलं. शंखवाल्या जिवांना तर आम्लयुक्त फॉर्मलीन शंखासकट खातं.

खाडीकाठ:
लेबल आत आहे, पेन्सिलचंच. डाईव्ह आणि खोली आहे, पण ‘सक्शन’ (नळीने ओढून) की ‘हात’ (पाणबुडीचा यांत्रिक हात) ते नाही. द्रव अल्कोहोलच. रंग मात्र पार गेलेत, सगळं उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं.

ओहोटी:
रंग जाणारच. रिमिकारिसची पिल्लं जिवंतपणी लालसर असतात, म्हणून डेकवरचे फोटो शोध. मोहिमेच्या जहाजावरच्या कोणाच्या तरी फोनमध्ये असतात, माग.

पीसीआरवाली:
डीएनए आणि मायक्रोस्कोप हा आधी-नंतरचा प्रश्न नाहीच. दोन्ही त्याच नमुन्यावर व्हायला हवं, आणि तुकडा काढायच्या आधी चारी बाजूंनी फोटो.

तुकडा पोटाच्या स्नायूचा घे. गोगलगाय असेल तर पायाचा. कल्ल्यांना हात लावू नकोस. व्हेंटवरच्या बऱ्याच जिवांत बॅक्टेरिया कल्ल्यांतच मुक्कामाला असतात, मग तू कोणाचा डीएनए वाचते आहेस ते तुलाच कळत नाही. रिमिकारिसला ते डोक्याच्या पोकळीत आणि तोंडाच्या अवयवांवर असतात, तोही भाग टाळ.

सीओआय (प्राण्यांची प्रजाती ओळखायला वापरतात ते) जनुकाचा ६५८ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) नेहमीचा तुकडा वाच, मग जेनबँक या डीएनएच्या जाहीर साठ्यात ताड. तिथली नावं वेदवाक्य समजू नकोस, चुकीच्या नावाने टाकलेल्या सीक्वेन्स भरपूर आहेत. जिच्या मागे संग्रहालयातला नमुना आहे तिच्यावर विश्वास ठेव. आणि ‘तीन टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती’ असा नियम कुठेही नाही, कितीही लोक तसं सांगोत.

डीएनएशिवाय मात्र अडतंच. अल्विनिकोंका या केसाळ गोगलगायी घे. नुसत्या शंखावरून त्या वेगळ्या सांगणं अवघड. २०१४ मध्ये मुख्यतः डीएनएच्या आधारावर एकदम पाच नव्या प्रजातींना नावं मिळाली. त्यातल्या एकीचं नाव स्ट्रमेरी, जो स्ट्रमर या पंक गायकावरून, शंखावर काटेरी केस असतात म्हणून.

ओहोटी:
आणि उलटंही होतं. प्रशांत महासागरातल्या हुआन दे फुका रिजवरचे नळीकिडे: एके ठिकाणी आखूड आणि जाड, दुसरीकडे लांब आणि काटकुळे. त्यांना रिड्जिया वंशात दोन प्रजाती म्हणून नावं दिलेली होती. नंतर प्रजाती एकच निघाली, झऱ्याचा जोर कमीजास्त असेल तसं अंग बदलतं. म्हणजे दिसतं वेगळं आणि असतं एकच, किंवा दिसतं एकच आणि असतात पाच. नऊ कोळंब्यांत दोन गट दिसले यावरून अजून काहीच ठरत नाही.

पुस्तकाचं: डेस्ब्रुयेर, सेगोन्झाक आणि ब्राइट यांनी संपादित केलेलं व्हेंट प्राण्यांचं हँडबुक, २००६ ची दुसरी आवृत्ती. सुरुवात तिथून, पण तिथेच थांबू नको. तुझ्या भागातली अल्विनोकारिस सोलिटेअर ही कोळंबी २०१४ ची. खवलेपायी गोगलगाय २००१ मध्ये तुझ्याच भागातल्या काइरेइ व्हेंटवर दिसली आणि क्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम हे रीतसर नाव मिळालं २०१५ ला. चौदा वर्षं! आणि ती पायावर लोखंडी सल्फाइडचे खवले मिरवणारी, जगभर फोटो छापून आलेली. तुझे सर वर्षअखेर म्हणताहेत.

तुझ्या भागातल्या व्हेंट कोळंब्यांची यादी काही लांबलचक नाही: रिमिकारिस काइरेई, मिरोकारिस इंडिका, अल्विनोकारिस सोलिटेअर. तिन्हींचे मूळ वर्णनाचे पेपर छापून टेबलावर ठेव. त्यातल्या चित्रांशी एकेक पाय ताड. शंका राहिली तर होलोटाइप (ज्यावरून प्रजातीला नाव दिलं तो मूळ नमुना) ज्या संग्रहालयात आहे तिथल्या क्युरेटरला लिही. नेमका कुठल्या अवयवाचा फोटो हवा ते सांगितलं तर बरेच जण काढून पाठवतात.

चहाबिस्कीट:
माफी म्हणून एक खरी गोष्ट. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ पहिल्यांदा हे व्हेंट सापडले तेव्हा मोहिमेवर सगळे भूशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ एकही नाही. जनावरं जपायला फॉर्मलीन अगदी थोडं. काही नमुने रशियन व्होडकात बुडवून आणले. तेव्हा खाडीकाठ, तुझी बरणी बरीच श्रीमंत आहे.

कोची_लोकल:
कागदपत्रांचं कोणी बोललं नाही. जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नवी प्रजाती नेमून दिलेल्या संग्रहाला कळवायची आणि नमुना तिथे जमा करायचा. खोल समुद्राच्या जिवांसाठी कोचीच्या सीएमएलआरई या सरकारी सागरी संशोधन संस्थेतलं ‘भवसागर’ केंद्र आहे. जर्नल फक्त ऑनलाइन असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या नोंदवहीत नोंद करून तो क्रमांक पेपरात छापायला विसरू नका, नाहीतर नाव ग्राह्यच धरत नाहीत.

खाडीकाठ:
सहा आठवड्यांनी येतेय, सॉरी. सीओआय आलं.

सहा मोठ्या रिमिकारिस काइरेई. लहानांपैकी दोन त्याच, म्हणजे ओहोटी काकांनी सांगितलेली पिल्लं. तिसरी मात्र मिरोकारिस इंडिका निघाली. मी तिघींना एक समजत होते. परत मायक्रोस्कोपखाली ठेवल्यावर तिचं टोक वरून चपटं दिसलं, पण आधी डोळे बघून बाकी काही बघितलंच नव्हतं. डेकवरचा फोटोही एका टेक्निशियन दादांच्या फोनमध्ये मिळाला. दोन पिल्लं खरंच लाल आहेत.

सर दोन दिवस गप्प होते. काल म्हणाले, खवलेवाल्या किड्यांची बरणी घे. त्यांच्या पाठीवरचे खवलेच बहुतेक गळून पडलेत. कोणी पॉलिकीटवालं (अशा समुद्री किड्यांचं जाणकार) आहे का इथे?

ओहोटी:
गळतातच ते, हात लागला की. गळलेले फेकले तर नाहीत ना?

खाडीकाठ:
नाही. बरणीच्या तळाशी गाळात दिसताहेत.

ओहोटी:
मग गाळ ओतू नकोस. मऊ ब्रशने एकेक उचल, वेगळ्या कुपीत, त्याच डाईव्हच्या चिठ्ठीसकट. पॉलिकीटवाल्या एक बाई माझ्या ओळखीच्या आहेत, व्यनि (खासगी निरोप) करतो.